शिगेचं माप: वडगावच्या आबांच्या आठवणी लिहा

नात, पुणे

आबांना जाऊन येत्या पौषात वर्ष होईल. एक्क्याण्णव वर्षं जगले, त्यातली बहुतेक बेळगावातल्या वडगावच्या एकाच घरात आणि शिवारातल्या सव्वादोन एकरांत. वर्षश्राद्धाला सगळे जमणार आहोतच, पण जमल्यावर आपल्याकडं काय होतं ते माहीत आहे. जेवणं होतात, जुनी भांडणं निघतात आणि गाडीची वेळ होते. म्हणून इथंच लिहा. घरचे, गल्लीतले, शिवारातले, कधीतरी त्यांच्या पंक्तीला बसून गेलेले, सगळ्यांनी लिहा. फक्त ‘देवमाणूस होते’ एवढंच लिहून जाऊ नका. पत्त्यांत ते सर्रास लबाडी करायचे.

माझ्यापासून सुरुवात करते. भाताची मळणी उरकून बासमती गिरणीतून आला की माजघरात पोती लागायची. घरभर वास. आबा घोंगड्यावर मांडी घालून बसायचे, पुढ्यात लाकडी शेर. चार शेरांची पायली हे सगळ्या जगाला ठाऊक, पण आबांची पायली चार शेरांत कधी बसली नाही. डावा तळवा मापाच्या काठाला लावून धरायचे आणि उजव्या हातानं तांदूळ सोडत राहायचे. शीग चढत जायची, आणि दाणे तळव्यावरून घरंगळायला लागले की मगच थांबायचे. हे द्यायचं माप. उसना दिलेला तांदूळ परत आला की मात्र काठावरून पट्टी फिरवून सपाट. मी एकदा म्हटलं, आबा, हे उलटं करताय. तर म्हणाले, “गप बस गं, आकडा चुकूलालाय माझा.”

तो शेर घरात सापडत नाहीय. कुणी नेला असेल तर सांगा, आज्जी विचारतेय.

थोरली लेक, निपाणी

मी लिहिते, पण रडवू नका कुणी.

1981 चा उन्हाळा. माझं पहिलं बाळंतपण, बाबा मला माहेरी न्यायला यायचे होते. आमच्याकडं तेव्हा तंबाखूच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठिय्या दिला होता, भाव मिळावा म्हणून. शरद जोशी आले होते. रस्त्यावर माणसंच माणसं, गाड्या अडकलेल्या. मी सासूबाईंना म्हटलं, आता बाबा काही येत नाहीत.

दुपारी दारात उभे. धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं, हातात फक्त रिकामी पिशवी. गाडी जिथं अडली तिथून चालत आले होते. आईनं माझ्या सासरच्यांसाठी पोतंभर बासमती दिला होता, तो कुठं गेला? तर म्हणे रस्त्यात बसलेल्यांच्यात दिला. “त्यांनी मला भाकरी दिली, मग मी काय तसाच उठून येऊ?” सासूबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत. पण माझं तोंड लाजेनं एवढंसं झालं. मुलीला न्यायला येणारा बाप व्याह्यांकडं रिकाम्या हातानं येतो होय?

त्यांना ते कळलं असावं. रात्री सगळे झोपल्यावर माझ्या उशाशी येऊन बसले आणि माझ्या सुजलेल्या पायांना तेल लावलं. आमच्यात बाप लेकीच्या पायाला हात लावत नाही. मी पाय ओढून घेतले तर म्हणाले, “उद्या चालायचं हाय आपल्याला, दुखतील.” दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी बैलगाडी काढली म्हणून चालावं लागलं नाही, ते वेगळं.

भाचा, खानापूर

अक्का, पोतं नव्हे, अर्धं पोतं. वडगाव स्टॉपपर्यंत माझ्या डोक्यावर दिलं होतं, मला माहीत आहे.

शेजारी, विणकर गल्ली

आमच्या घरात कन्नड, त्यांच्या घरात मराठी. मधल्या भिंतीत एक खिडकी होती, तिच्यातून इकडचं ताक तिकडं आणि तिकडचं सांडगं इकडं. माझं मराठी त्या खिडकीतूनच आलंय, तेव्हा चुका असतील तर आबांच्या नावावर घाला.

आबा पक्के सीमावादी, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणारे. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे. त्यानंतर 1 नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी त्यांनी चुकवली नाही, सायकल चालवता येत होती तोवर सायकलीवरून, नंतर चालत. आमचे वडील त्याच दिवशी राज्योत्सवाचा झेंडा लावायला जायचे. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. खिडकीसुद्धा बंद.

आता गंमत सांगतो. आबांच्या दंडाला जी काळी फीत असायची ती आमच्या मागाची. साड्यांच्या तुकड्यांतून काळ्या काठाची चिंधी माझी आई बाजूला काढून ठेवायची आणि 31 ऑक्टोबरला संध्याकाळी खिडकीतून द्यायची. वडिलांना माहीत होतं. एका वर्षी आई माहेरी गेली होती, आबांनी खिडकीतून हाक मारली आणि वडिलांनीच उठून चिंधी शोधून दिली. वर म्हणाले, “यंदा काळा रंग जरा फिका आलाय.” आबा म्हणाले, “चालतंय की, लांबनं दिसतोय.”

1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. मराठी गल्लीत आमचं एकट्याचं कन्नड घर. आबा पाच-सहा रात्री आमच्या कट्ट्यावर झोपले. आम्ही बोलावलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, आत उकडतंय. जूनचा पाऊस चालू होता.

थोरली सून

सगळं छान छान चाललंय म्हणून जरा आमच्या बाजूनंही लिहिते.

मामंजी देत होते हे खरं, पण रांधायला कोण होतं? आमच्या घरी मोजून स्वयंपाक कधी झालाच नाही. शनिवारच्या बाजाराला खेड्यावरनं आलेला माणूस पायरीवर टेकला की मामंजींची आतून हाक, “खाल्ल्याशिवाय जाऊलालास व्हय?” की मी परत चुलीपुढं. एकदा मी परीक्षेचा अभ्यास करत होते, बँकेची. चौघं जेवायला. मी पुस्तक आपटलं. आवाज बाहेर गेला असणार. त्यानंतर परीक्षा होईपर्यंत रोज संध्याकाळी पोराला खांद्यावर घेऊन ते बाहेर जायचे, पाहुणा आला तर त्यालाही बरोबर घेऊन. नंतर कळलं, दोघं-तिघं मिळून अनगोळ नाक्यावर मिरची भजी खात बसायचे. पोराला तिखटाची सवय तिथलीच.

नोकरी लागली. पहिला पगार मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी मोजला, दहाची एक नोट काढून घेतली आणि बाकी परत दिला. दहा कशाला? “भज्यांची उधारी.”

आणखी एक. जुना बासमती मोकळा शिजतो, नवा चिकट होतो, हे शेतकऱ्याच्या घरी सांगायला नको. तर जुना तांदूळ पाहुण्यांना आणि लेकींना, नवा आम्हाला, आणि मामंजींच्या ताटात कण्या. अख्खा दाणा लोकांना देऊन स्वतः कण्या खाणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

विद्यार्थी, मूळ जांबोटीकडचा, आता गोव्यात

मी त्यांचा कुणीच नाही. जांबोटीहून बेळगावात कॉलेजला आलो, राहायला जागा नव्हती. ओळखीच्या ओळखीतून आबांच्या माळ्यावर दोन वर्षं राहिलो. भाडं विचारलं तर म्हणाले, रोज सकाळी आज्जीला ‘तरुण भारत’ वाचून दाखवायचा. आज्जींना वाचता येत नव्हतं. निधन वार्तांपासून सुरुवात, मग बाजारभाव, अग्रलेख चुकवलेला चालायचा. आबा स्वतः वाचू शकत होते. पण त्यांनी वाचलं की आज्जी मध्येच झोपायच्या, असं त्यांचं म्हणणं.

नातू, बेळगाव

आबा कन्नड वाचायला पासष्टाव्या वर्षी शिकले ते माझ्या पुस्तकातून. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, नोटिसा कन्नडमध्ये. दुसऱ्याला विचारायचं म्हणजे पाच-पन्नास द्यायचे, आणि तो सांगेल ते खरं मानायचं. एके दिवशी माझं कन्नडचं पुस्तक घेऊन बसले. मी ‘अ आ इ ई’ गिरवायचो, शेजारी आबा पाटीवर. मला मार्क कमी पडले तर बाईंना भेटायला गेले आणि म्हणाले, चूक माझी हाय, पुस्तक माझ्याकडं असतंय.

मग काय, गल्लीतल्या सगळ्यांचे उतारे आमच्या ओट्यावर. सर्वे नंबर, क्षेत्र, बोजा आहे का नाही, बोटानं एकेक अक्षर लावत वाचायचे. काळ्या दिनाला फेरीत आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर कन्नड. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

धाकटा मुलगा

मला लिहिता येत नाही फारसं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं आणि उतरेचना. धूळवाफेवर पेरलेलं भात चांगलं फुटलं होतं, सगळं कुजलं. आबा पंच्याऐंशीच्या पुढं होते. मी त्यांना बांधावर नेलं. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, मसुराला ओल चांगली राहील. बाकी काही नाही.

त्या वर्षी घरात वाटायला दाणा नव्हता. डिसेंबरात मी कामावरून आलो तर गोठ्यात म्हैस नाही. विकली होती. त्या पैशांनी बाजारातून बासमती आणला होता आणि माजघरात बसून मापत होते, नेहमीसारखा. बहिणींकडं, गल्लीत, ज्यांच्याकडं दरवर्षी जातो त्या सगळ्यांकडं. मी खूप बोललो. दूध विकत आणायचं आणि तांदूळ फुकट वाटायचा, हे कुठलं शहाणपण? चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. पण चार दिवस बोलायला नको होतं असं झालं नाही पाहिजे होतं. नीट लिहिलं गेलं नाही, समजून घ्या.

धाकटी लेक, शिनोळी

दादा, त्या वर्षीचा तांदूळ आपल्या शेतातला नाही हे मला शिजतानाच कळलं होतं, वास नव्हता. मी बाबांना फोन करून म्हटलं, यंदाचा काय छान झालाय. तेही म्हणाले, हो, यंदा बरा उतरलाय.

नात, पुणे

काल आज्जीला सगळं वाचून दाखवलं. तिचं उत्तर जसं बोलली तसं लिहितेय:

“थोरल्या सुनेला सांग, कण्या त्यांना आवडायच्या. त्याग बिग काही नाही. ताकातल्या कण्या आणि वर मिरचीचा खर्डा, लग्नाच्या आधीपासून. त्यांच्या आईनं मला पहिल्या दिवशी तेवढंच सांगितलं होतं, बाकी काही केलं नाहीस तरी चालेल. अख्खा भात वाढला की पानात तसाच ठेवायचे. आणि म्हैस मला विचारून विकली. म्हातारी झाली होती, आटलीच होती. त्याला उगीच चार दिवस जाळलं.

कट्ट्यावर झोपले तेव्हा उकडत नव्हतं हे खरं.

पेपर वाचताना मी झोपायची हे खोटं. ते वाचायचे तेव्हा नावं गाळायचे. ओळखीचा कुणी गेला असला की ती ओळच सोडायचे, मग मला चार दिवसांनी बाजारात कळायचं. पोरगं परकं, ते सगळं वाचायचं.

आणि शेर कुणी नेलाय तो विचार परत.”

शेजारी, विणकर गल्ली

शेर आमच्याकडं आहे. आबांनीच दिला होता, शेवटच्या दिवाळीत, खिडकीतून. मी समजलो शेजाऱ्याला माप हवंय म्हणून दिला, कारण आईनं केव्हातरी मागितला होता. त्यात मागाच्या कांड्या ठेवल्यात, अगदी बरोबर बसतात. रविवारी आणून देतो.

नात, पुणे

आज्जी म्हणते, आणू नको म्हणावं. कांड्या मग कशात ठेवणार?

भाचा, खानापूर

कांड्या शीग लावून ठेवल्यात की सपाट?

शेजारी, विणकर गल्ली

शीग लावून. दोन-तीन रोज खाली पडतात.