छोले रात्रभर भिजवूनही शिजत नाहीत, काय करू?

मुगडाळ
मंडळी, प्रश्न छोटासा आहे पण डोक्याला ताप झालाय. आम्ही नवीन घरात राहायला आलो, पुण्यातच, पण या भागात मनपाचं पाणी नाही, सगळं बोअर आणि टँकरवर. तेव्हापासून एक कडधान्य धड शिजेल तर शपथ. छोले रात्री भिजत घालते, सकाळी टम्म फुगलेले दिसतात, कुकरला सात-आठ शिट्ट्या काढते, तरी दाणा दाताखाली कचकच लागतो, साल वेगळं आणि आतलं पीठ वेगळं. सोडा घातला तर वरून लगदा, आत गाठ तशीच, आणि चव साबणाची. सासूबाई म्हणतात तू टोमॅटोसकट कुकर लावतेस म्हणून होतंय, नवरा म्हणतो कुकर बदल (रिंग नवीन आहे हो, शिट्टी नीट होते!). चवळीचंही तेच, पण ती गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून डब्यात आहे. मटकी मात्र मोड आणून केली की पटकन शिजते, हे काय गौडबंगाल आहे? आणि एक, भिजवलेलं पाणी टाकायचं की त्यातच शिजवायचं?

घाटावरची
शिट्ट्या मोजणं सोडा आधी. मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या पाच-सात मिनिटांत होतात, तेवढ्यात छोले कसे शिजणार? पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा आणि घड्याळ बघून २०-२५ मिनिटं ठेवायचं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची, शिट्टी उचलून काढायची नाही. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, कडधान्याला फेस येतो आणि तो शिट्टीत जाऊन अडकतो. चमचाभर तेल टाकलं की फेस कमी येतो. सासूबाईंचं बरोबर आहे, टोमॅटो, चिंच, आमसूल काहीही आंबट असलं की साल आवळून बसतं. छोले आधी नुसते शिजवा, मग मसाल्यात टोमॅटो.

रसायनवाला
वरचं सगळं मान्य, पण मला तुमच्या बोअरच्या पाण्याचाच संशय येतोय. नळाच्या तोंडाला, गीझरला पांढरा थर धरतो का? धरत असेल तर पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. दाण्याच्या सालीत आणि पेशींच्या मध्ये पेक्टिन असतं, शिजताना ते सुटलं की दाणा मऊ होतो. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला धरून ठेवतं, मग तुम्ही कितीही शिट्ट्या काढा. म्हणून भिजवायला आणि शिजवायला दोन्ही वेळा आरओचं पाणी वापरून बघा, नुसतं शिजवताना बदलून उपयोग नाही कारण भिजतानाच साल ते पाणी पिऊन बसलेलं असतं.

दुसरं म्हणजे मीठ. आपल्याकडे सांगतात की मिठाने कडधान्य शिजत नाही, पण भिजवताना उलटं होतं. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा मीठ घालून रात्रभर भिजवा, मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. सकाळी ते पाणी टाकून द्या, एकदा धुवा, ताज्या पाण्यात शिजवा. पोटात वारा धरणाऱ्या साखरा (रॅफिनोज वगैरे) थोड्याफार त्या पाण्यात उतरतात, तेही जातं. खाण्याचा सोडासुद्धा याच कारणाने काम करतो पण त्याने बी-१ जीवनसत्त्व मरतं आणि चव बिघडते, वाटीभर छोल्यांना दोन बोटांच्या चिमटीपेक्षा जास्त नको.

चवळीची आशा सोडा. दमट, गरम हवेत जुनं झालेलं कडधान्य आतूनच कडक होत जातं, ते पाण्याने सुधारत नाही. मटकी लहान दाणा, त्यात मोड येताना आतून मऊ झालेली असते, म्हणून ती या पाण्यातही निभावून जाते.

कोकणकडा
कुकर कशाला लागतो म्हणते मी :) आमच्याकडे कडवे वाल रात्री भिजत, सकाळी उपसून फडक्यात गच्च बांधून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि अंगठा-बोटाने दाबायचं, डाळिंबी टुपकन सालातून बाहेर. साल गेलं की अर्धं काम झालं. मग कढईत फोडणीवर परतून, ताटलीचं झाकण आणि त्या ताटलीत पाणी. उसळीला पाणी लागलं की त्याच ताटलीतलं गरम पाणी घालायचं, गार पाणी अजिबात नाही. आमसूल शेवटी, दाणा बोटाने दाबला की चेपतो एवढं झाल्यावरच. उन्हाळ्यात मात्र भिजवलेलं पाणी मध्ये एकदा बदला किंवा भांडं सरळ फ्रीजमध्ये ठेवा, मुंबईत एका रात्रीत आंबूस वास मारतो.

अटलांटाकर
थोडं अवांतर पण महत्त्वाचं. इथे बरेच जण राजमा भिजवून सरळ स्लो कुकरला लावून ऑफिसला जातात. ते करू नका प्लीज! कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं आणि स्लो कुकर बऱ्याचदा उकळीपर्यंत जातच नाही, त्या मंद आचेवर विष मरत नाही, उलट वाढू शकतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या व्हायला पुरतात, आणि त्या एक ते तीन तासांत सुरू होतात. निदान पाच तास भिजवा, पाणी टाका, ताज्या पाण्यात खळखळून उकळा, १० मिनिटांत विष जातं पण इथल्या एफडीएचा (अमेरिकेचं अन्न-औषध खातं) सल्ला ३० मिनिटांचा आहे. मग हवं तर स्लो कुकर. आपल्या प्रेशर कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही, आणि विकतचा डबाबंद (कॅनमधला) राजमा आधीच शिजलेला असतो. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा हाही राजम्याच्याच जातीचा, त्यालाही हेच लागू.

मुगडाळ
सगळ्यांना धन्यवाद! नळाला थर आहे, चांगला खरवडून निघतो एवढा. एकाच पुड्यातले छोले दोन भांड्यांत घातले, एक बोअरचं पाणी, एक आरओ आणि मीठ, दोन्ही सारख्याच वेळ बारीक गॅसवर. आरओवाले बोटाने चेपले जातायत, सालसुद्धा सुटत नाहीये. बोअरवाले खाता येतील असे झाले पण मध्ये कण लागतोच. चवळी आरओच्या पाण्यातही ढिम्म, सासूबाई टाकू देत नाहीयेत, म्हणतात पिठलं करू. आता आरओचं पाणी एवढं वापरायचं तर पिण्याला कमी पडतं, काही तोड आहे का?

रसायनवाला
बोअरचं पाणी खळखळून उकळा, गार करून निथळा, तळाशी पांढरं बसेल ते घेऊ नका. सगळा जडपणा जात नाही पण बराचसा उतरतो. ते भिजवायला वापरा मिठासकट, आणि आरओचं फक्त शिजवायला, तेवढं लागत नाही.

घाटावरची
चवळीचं पिठलं नका करू, भाजून दळून आणा आणि थालीपिठाच्या भाजणीत ढकला. सासूबाईंना पटेल.