प्रतिसाद: इंजिनचा आकडा आणि आपला खेळ

वर एकाने स्टॉकफिशबद्दल (बुद्धिबळाच्या चाली तपासून कोण किती वरचढ ते आकड्यात सांगणारा प्रोग्राम, म्हणजेच इंजिन) विचारलंय, "स्टॉकफिश +1 दाखवतं, म्हणजे मी एका प्याद्याने पुढे ना?" नाही. डिसेंबर 2022 च्या 15.1 आवृत्तीपासून +1.00 चा अर्थ बदलला: तितक्याच ताकदीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता सुमारे 50 टक्के. तीही इंजिन विरुद्ध इंजिन! माणसांच्या डावात त्या आकड्यावर विसंबू नये.

डाव संपल्या संपल्या इंजिन लावणं, हे माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान. आधी इंजिन बंद ठेवून पूर्ण डाव पाहा. जिथे अडलात तिथे तेव्हा मनात आलेल्या चाली लिहून ठेवा, चुकीच्या असल्या तरी. मग इंजिन लावून एकाऐवजी तीन पर्याय दाखवायला सांगा. तिन्हींचे आकडे 0.2-0.3 च्या आत असतील तर डोकं खपवू नका, जी चाल समजते ती खेळा. पहिली 0.0 आणि दुसरी थेट −2.5 असेल तर मात्र थांबा. तिथे एकच चाल तारत होती, आणि ती का, हे शोधण्यातच खरा अभ्यास आहे.

त्यासाठी तुमची चूक पटावर खेळून इंजिनचं उत्तर बघा. तेही कळलं नाही, तर तुमचीच चाल खेळत राहा आणि शिक्षा कुठे होते ते पाहा. लिचेस या बुद्धिबळाच्या मोफत संकेतस्थळावर 'एक्स' कळ दाबली की प्रतिस्पर्ध्याची धमकी दिसते. हे फार कमी जण वापरतात.

आणि खोली 12 वरचा (खोली म्हणजे इंजिन किती चाली पुढचं पाहतं) निकाल लगेच मानू नका. बलिदानाच्या काही चाली बऱ्याच जास्त खोलीवरच वर येतात.