जुनी ई२५० डिझेल सकाळी उचलत नाही : हीटर प्लग की डिझेल लाइन?

परभणीकर
मर्सिडीज डब्ल्यू१२४, १९९६, ओएम६०५ इंजिन. रात्रभर उभी राहिली की १५-२० सेकंद सेल (स्टार्टर) मारावा लागतो. एकदा पकडली की पाचही सिलिंडरवर सुरळीत. दिवसभरात परत बंद-चालू केली तर अर्ध्या सेलवर उचलते. थंडीत तसंच, मे महिन्यातही तसंच. बॅटरी नवी. मिस्त्री म्हणतात पाचही हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग) नवे टाका. टाकू का?

पाना_बारा
थांबा भाऊ. आधी सेल मारताना कुणाला तरी सायलेन्सरमागं उभं करा. पांढरा धूर निघत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, म्हणजे प्लगकडं बघायचं. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. मग नवे प्लग टाकून काय होणार?

आणि एखाद-दुसरा प्लग गेला असता तर गाडी उरलेल्या सिलिंडरवर पकडली असती, पहिलं अर्धं मिनिट थरथरली असती, पांढरा धूर सोडला असता. तुमची पकडताच सुरळीत चालते. मे महिन्यातही त्रास आहे. मला तरी डिझेल लाइनमध्ये हवा शिरलेली वाटते.

डिझेलवाला_जालना
हवाच. फिल्टर आणि पंपाच्या मधल्या नळ्या या इंजिनाला पारदर्शक प्लास्टिकच्या आहेत, त्याचा फायदा घ्या. सकाळी किल्ली फिरवायच्या आधी बॉनेट उघडा आणि नळीच्या मागून टॉर्च धरा. चांगल्या नळीत डिझेल काठोकाठ दिसतं. तुमच्यात बहुधा बोटभर रिकामी जागा दिसेल, सेल मारला की बुडबुड्यांची माळ पळेल. चालू इंजिनात एखादा बारीक बुडबुडा दिसला तर घाबरू नका, माळ दिसली तर दोष.

कारण साधं आहे. नळीच्या टोकांना ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) असतात. पंचवीस-तीस वर्षांत रबर कडक होऊन चपटं होतं. चालू इंजिनात पंप ओढून घेतो म्हणून कळत नाही. उभ्या गाडीत तिथून हवा शिरते आणि डिझेल मागं टाकीकडं उतरतं.

खात्री करायची तर एक रात्र गाडी उतारावर, तोंड खाली करून लावा. टाकी मागं आहे, ती वर राहते. सकाळी चटकन उचलली तर निदान पक्कं.

बदलायचं तर नळ्यांचा पूर्ण सेटच टाका. जुनं प्लास्टिक काढताना तडकतं. नुसत्या ओ-रिंग घ्यायच्या तर व्हिटॉनच्याच (डिझेल सोसणारं रबर), साधी काळी नको. वाळूजला हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात जुना नग मापाला नेला की मिळतात. पंपावरच्या शट-ऑफ व्हॉल्व्हखालची आणि डिझेल प्रीहीटरच्या तोंडाची ओ-रिंग हमखास राहून जाते, मग लोक म्हणतात नळ्या बदलूनही तेच.

परभणीकर
धूर अजिबात नाही. नळी अर्धी रिकामी दिसली. पण प्लग एकदा तपासून घ्यावेत म्हणतो, मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पाइप, प्लग त्याच्याखाली आहेत) न उतरवता जमेल?

पाना_बारा
जमतं. हीटर रिलेवरचा प्लगांच्या वायरींचा कनेक्टर काढा. एकेक पिन आणि इंजिनची बॉडी यांत मीटर लावा. एक ओहमच्या आसपास किंवा कमी आलं तर प्लग ठीक, सर्किट उघडं (म्हणजे आत तार तुटलेली) दाखवलं तर तो गेला. रिलेतली ८० अँपिअरची पट्टी फ्यूजही बघा. बारीक तडा वरून दिसत नाही, म्हणून तिच्यावरही मीटर लावा. सेल मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

पुढं कधी प्लग काढायची वेळ आली तर इंजिन गरम असतानाच, पुढं-मागं हलवत काढा. जोर लावला आणि प्लग हेडमध्ये तुटला तर काम वाढलं. बसवताना २० न्यूटन-मीटर, बास.

डिझेलवाला_जालना
नळ्या बसवल्यावर फिल्टर स्वच्छ डिझेलनं काठोकाठ भरूनच चढवा, या इंजिनाला हातपंप नाही. सेल एका वेळी २० सेकंद, मधे मिनिटभर विश्रांती. मोटर जाळू नका. आणि कुणी एअर फिल्टरशी पेट्रोलचा बोळा किंवा इथरचा स्प्रे घेऊन आलं तर त्याला लांब ठेवा. लाल झालेल्या प्लगवर ते वेळेआधीच भडकतं.