"पैसा काय, परत कमावता येतो" म्हणणाऱ्यांसाठी

गणवेशवाला_ठाणे
मार्च आला की लोकांना लॉकडाऊनची आठवण येतेच. काल आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "लॉकडाऊनला शिव्या घालणाऱ्यांनो, माणूस जगला तर पैसा परत कमावता येतो, तेव्हा दुकानं उघडी ठेवली असती तर आज शिव्या घालायला उरला नसतात." खाली बावीस अंगठे. टाकणारा आयटीतला, पगार एक महिना चुकला नाही, उलट डिसेंबर 2020 मध्ये घोडबंदरला दुसरा फ्लॅट घेतला कारण स्टँप ड्युटी 5 ची 2 टक्के झाली होती. तिथे भांडलो तर उद्या लिफ्टमध्ये तोंड दाखवायची पंचाईत, म्हणून इथे लिहितोय.

माझं दुकान शाळेच्या गणवेशांचं. आमचं वर्ष म्हणजे मे-जून, बाकीचे दहा महिने मोजे आणि टाय. 2020 चा माल फेब्रुवारीतच शिवून तयार होता, कळव्यातल्या अकरा बायका घरी मशीनवर शिवतात, त्यांची शिलाई दिलेली, कापडवाला बाकी, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याचं उचल खातं) तोंडापर्यंत भरलेली. 24 मार्चला रात्री 8 ला सांगितलं, 12 पासून देश बंद. देशात तेव्हा पाचशेच्या आसपास केसेस. बरं, ठीक आहे, नवीन रोग, कोणालाच काही कळत नव्हतं, मी पण थाळी वाजवलेली आहे. जूनमध्ये एक दिवस रस्त्याच्या या बाजूची दुकानं, एक दिवस त्या बाजूची असं चालू झालं. जरा गिऱ्हाईक यायला लागलं तर 2 जुलैला ठाण्यात परत कुलूप, दहा दिवस म्हणाले, मग 19 तारखेपर्यंत ओढलं. नवी मुंबईतही तेच. चेकनाका ओलांडला की मुंबईची हद्द, तिथल्या मुलुंडमध्ये दुकानं चालू. म्हणजे चेकनाक्याच्या अलीकडे व्हायरस, पलीकडे नाही.

शाळा वेळेवर आणि धड भरल्या त्या थेट जून 2022 ला. तोपर्यंत ज्या पोरांसाठी 24 आणि 26 नंबरच्या पॅन्टा शिवल्या होत्या ती पोरं 30 वर गेली, आणि एका शाळेने मोनोग्रामच बदलला. मोनोग्रामवाला शर्ट फुकट दिला तरी कोणी घेत नाही. मदत काय मिळाली? हप्ते ऑगस्टपर्यंत पुढे ढकला, व्याज चालूच, आणि वर हवं तर आणखी कर्ज घ्या. सगळ्यांच्या जिवासाठी दुकान मी बंद ठेवलं ना, मग गाळ्याचं भाडं माझ्या एकट्याच्या खिशातून का?

कोपरखैरणे_सिस्टर
दादा नुकसान झालं, मान्य. पण पाचशे केसेस होत्या तेव्हा आम्हाला पीपीई म्हणून रेनकोट दिले होते, अक्षरशः पावसाळी रेनकोट, आत घामाने अंघोळ. वाशीच्या प्रदर्शन केंद्रात 1200 बेड उभे राहिले, तिकडे बाळकुमला मोठं हॉस्पिटल झालं, हे काय जादूने झालं? ते दोन-अडीच महिने मिळाले म्हणून झालं.

आणि दुसऱ्या लाटेचं सांगते. एप्रिल 2021, रात्रपाळी, सिलिंडरची गाडी 4 ला येणार होती, 5 वाजले तरी पत्ता नाही. आम्ही तिघीजणी एकेका पेशंटचा फ्लो 10 वरून 8, 8 वरून 6 करत फिरत होतो. कोणाचा कमी करायचा ते मी ठरवत होते. मी. 14 नंबरला रिक्षावाले काका, 15 नंबरला सराफ, दोघं एकमेकांकडे बघत होते आणि दोघांनाही कळत होतं. गाडी साडेपाचला आली. तेव्हापासून कोणी दुकानाचं भाडं काढलं की मला राग येतो, चूक असेल माझी, पण येतो.

ऐरोली_एक्सेल
सिस्टर, आदर आहे, पण भावनेवर धोरण ठरत नाही. एप्रिल-जून 2020 मध्ये जीडीपी 23.9 टक्के घसरला. स्वीडनने शाळा-दुकानं बरीचशी चालू ठेवली, मेले का सगळे? आणि एवढं सगळं करून आपल्याकडे काय झालं, 2020-21 या दोन वर्षांत सरकारी आकडा 4.8 लाख मृत्यू, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 47 लाख जादा मृत्यू. सरकारने तो फेटाळला ते सोडा. मग कुलपाचा उपयोग काय झाला?

खारीगाव_खडूस
आला स्वीडन! कसा नाही आला अजून म्हणत होतो. अहो अख्ख्या स्वीडनची लोकसंख्या आपल्या मुंबईएवढी नाही. आमच्या चाळीत दहा बाय दहात सात माणसं, संडास सार्वजनिक. आणि 2020 मध्ये त्याच स्वीडनमध्ये शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा कितीतरी जास्त म्हातारी माणसं गेली हे एक्सेलमध्ये बसत नाही वाटतं.

ऐरोली_एक्सेल
पुढच्या दोन वर्षांचे जादा मृत्यू पण बघा मग. अर्धवट वाचायचं आणि खडूस नाव लावायचं.

लोकमान्यनगरचा_चाकरमानी
तुम्ही सरकारला शिव्या घालताय, आम्हाला तर आमच्याच गावाने बाहेर ठेवलं. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडकडे घरांची कौलं, पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. आई एकटी, 71 वर्षांची. जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास तीनदा नाकारला, शेवटी बाईकवर निघालो. गावाच्या वेशीवर बांबू आडवा आणि चारजण तोंडाला फडकं बांधून उभे, ज्यांच्याबरोबर आट्यापाट्या खेळलो तेच. 14 दिवस शाळेत. शाळेच्या खिडकीतून आमचं घर दिसायचं, छप्पर नसलेलं, आणि पावसात आई एकटी ताडपत्री ओढायची. मी खिडकीत. हा तुमचा सार्वजनिक आरोग्याचा उपाय.

मंडणगड_रिटर्न
त्या चारजणांतला एक मीच समजा, तुमच्या नाही पण आमच्या गावात मी उभा होतो. ठाण्यातली नोकरी एप्रिलमध्येच गेली म्हणून आलो होतो, मीही 14 दिवस गोठ्याच्या माडीवर काढले. आमच्या वाडीत 62 घरं, निम्म्या घरात फक्त म्हातारी माणसं. आरोग्य केंद्र 18 किलोमीटरवर, डॉक्टर एक, व्हेंटिलेटर हवा तर रत्नागिरी. तुम्ही मुंबई-ठाण्याचे लोक केसेस घेऊन येणार आणि आम्ही हार घेऊन उभं राहायचं?

लोकमान्यनगरचा_चाकरमानी
केसेस घेऊन! शब्द बघा. देवळाच्या सभामंडपाला पैसे, पाखाडीला पैसे, पालखीला पैसे, तेव्हा चाकरमानी लागतो. आमचे पैसे सॅनिटाईझ करून घेतले का हो?

मंडणगड_रिटर्न
पैशाचं काढलंत म्हणून विचारतो, शाळेत होतात तेव्हा दोन वेळचा डबा कोण देत होतं? आमच्याकडे पाळी लावलेली, रोज एका घराने भाकरी-कालवण करून शाळेच्या पायरीवर ठेवायचं. ज्यांची स्वतःची पत्र्याची शेड उडाली होती त्यांनीसुद्धा. आणि ताडपत्रीचं म्हणाल तर तुमच्या गावातले लोक नालायक असतील, आमच्याकडे पोरं वर चढली.

लोकमान्यनगरचा_चाकरमानी
माझ्या गावाला नालायक म्हणायचं काम नाही. मी म्हणेन, तुम्ही नाही.

खारीगाव_खडूस
😂 हे खरं कोकण.

लोकमान्यनगरचा_चाकरमानी
डबा मिळत होता. नाही म्हणत नाही. शेजारची काकू आणायची, लांबूनच हाक मारायची. पण ऑगस्टमध्ये गणपतीला तेच 14 चे 10 दिवस झाले, एसटीने गेलं तर पासही नको. जूनमध्ये माणसं मरत होती आणि ऑगस्टमध्ये बाप्पाने तोडगा काढला का?

कोपरखैरणे_सिस्टर
10 दिवसांना कारण होतं, बहुतेकांना लक्षणं पाच-सहा दिवसांत दिसायची, ते तोपर्यंत जास्त कळलं होतं. पासचं मात्र मला विचारू नका, एसटीत बसलेल्याला नको आणि बाईकवर एकट्याला हवा यात डॉक्टरकी काही नव्हती.

नौपाड्याचे_काका
हे सगळं ज्या कायद्यांखाली चाललं त्यातला साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या वेळचा. पुण्यात रँडने गोरे सोल्जर घराघरात घुसवले, सामान रस्त्यावर फेकलं, बायकांची तपासणी केली, त्याचा शेवट 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी केला. प्लेग खरा होता, लोकांना वेगळं ठेवणंही चूक नव्हतं. कसं केलं यावर सगळं बिघडलं. आमच्या आजीची आई त्या वेळच्या गोष्टी सांगायची, माळावरच्या झोपड्यांत...

ऐरोली_एक्सेल
काका, दुकानदाराने लॉकडाऊनचं विचारलंय, तुम्ही 1897 ला पोचलात.

नौपाड्याचे_काका
तुम्ही स्वीडनला गेलात, मी पुण्यापर्यंतच गेलो.

गणवेशवाला_ठाणे
मी दुकान बंद करून आलो तर धाग्याचं पार मंडणगड झालंय. असो. पण मंडणगडवाल्यांचं पटलं, तुम्ही माणसाला अडवलं आणि वर डबा दिला. मला नुसतंच अडवलं. रिक्षावाल्यांना, फेरीवाल्यांना 1500 रुपये, तेही थेट 2021 च्या बंदमध्ये आणि नोंदणी असेल तर. माझ्या अकरा बायका कुठल्याच यादीत नव्हत्या. त्यातली एक मास्क शिवायला लागली, सुरुवातीला बरं चाललं, मग बाजारात इतके स्वस्त मास्क आले की दोऱ्याचे पैसे सुटेनात.

कोपरखैरणे_सिस्टर
म्हणजे डबा दिला असता तर बंद चाललं असतं तुम्हाला? वरच्या पोस्टमध्ये तर वेगळाच सूर होता.

गणवेशवाला_ठाणे
पहिला बंद चालला असता. जुलैचा तरीही नाही. आणि सिस्टर, तुमच्या 14-15 नंबरच्या गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नाही, देत पण नाही. त्याच एप्रिलमध्ये माझा मेहुणा बेडसाठी कळवा, मुंब्रा, भिवंडी फिरला. मिळाला, तो वाचला. पण बिल्डिंगवाल्याला मी तुमच्याएवढी सूट देणार नाही.

ऐरोली_एक्सेल
जाता जाता, आयटीवाले म्हणजे सगळे फ्लॅट घेत होते असं नाही. आमची अर्धी टीम जून 2020 मध्ये काढली. मी राहिलो, इतकंच.

खारीगाव_खडूस
हे आधी सांगायचं ना राव, स्वीडन कशाला आणलात.

मंडणगड_रिटर्न
गणवेशवाले, त्या 26 नंबरच्या पॅन्टा अजून आहेत का? वाडीत पोरं आहेत, शेतात, शिमग्याला घालतील. शर्टाचे मोनोग्राम आमच्या बायका उसवतील. फुकट नको, काय ते सांगा.

गणवेशवाला_ठाणे
पॅन्टा 40 आहेत, शर्ट 65. शर्ट जरा पिवळे पडलेत घडीवर. एसटीच्या पार्सलने टाकतो, पैशाचं नंतर बघू.

लोकमान्यनगरचा_चाकरमानी
ठाण्याचा माल आहे, वेशीवर 14 दिवस ठेवतील बघा.

मंडणगड_रिटर्न
10. गणपतीचा रेट.