घरी शिवलेलं चौकोनी शीड वाऱ्यात खालीच येत नाही

प्रश्न: ५ मीटरच्या होडीसाठी ताडपत्रीचं चौकोनी शीड शिवलंय, ६ चौरस मीटर. वरची आडवी काठी डोलकाठीभोवती दोराच्या फासात धरलीय. मागून वारा असला की होडी एवढी सरळ धावते की सुकाणूला हात लावावा लागत नाही, फार सुख वाटतं. पण काल वारा वाढला, मी काठी उतरवायला दोर सोडला तर ती जागची हलेचना, शेवटी डुलत्या होडीत पुढे जाऊन हाताने ओढली, घाबरलो खूप. शिवाय बाजूने वारा आला की कड नुसती फडफडते.

उत्तर १: भरलेलं शीड काठीला पुढे ओढतं, त्यामुळे मागचा फास डोलकाठीला आवळतो, म्हणून अडकते. आधी खालच्या दोन्ही कोपऱ्यांचे दोर मोकळे सोडा, शीडातला वारा निघून जाऊ दे, मगच काठी उतरवा. फासात लाकडी मणी ओवा, म्हणजे तो डोलकाठीवरून सहज सरकेल. काठीच्या मध्यावरून एक दोर खाली घेऊन तुमच्या बसायच्या जागेपर्यंत आणा, म्हणजे तिथूनच ओढता येईल, पुढे जाऊच नका. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, होडी उभी असताना या शिडावर १० नॉटला (ताशी साधारण १८ किमी वाऱ्याला) साधारण १२ किलो आणि २० नॉटला पन्नासाच्या आसपास, त्यामुळे उतरवायचा निर्णय लवकर घ्या.

उत्तर २: कड फडफडते त्याबद्दल. जुन्या जहाजांवर वाऱ्याकडची कड पुढे ताणायला वेगळा दोर असायचा, बोलाइन, आपण बांधतो त्या गाठीचं नाव त्यावरूनच आलंय. तुम्ही वाऱ्याकडचा खालचा कोपरा बांबूने पुढे रेटून बघा, वायकिंग पद्धतीच्या होड्यांवर असंच करतात. पण डोलकाठीला आधार देणाऱ्या बाजूच्या तारांना वरची आडवी काठी अडत असेल तर ती फार फिरणार नाही, वाऱ्याविरुद्ध जायला वल्ही किंवा इंजिन हवंच. आणि होडी वाऱ्याकडे वळू देऊ नका, शीड उलटं डोलकाठीवर दाबलं जातं आणि तेव्हा उतरवणं अजून कठीण.

प्रश्नकर्ता: मणी ओवले, मधला दोर लावला, आज हलक्या वाऱ्यात चार वेळा उतरवून पाहिलं, चारही वेळा सुटसुटीत आलं!! दोघांचे मनापासून आभार. फक्त एका कोपऱ्याची आयलेट (दोर ओवायच्या भोकाची कडी) फाटून निघाली.

उत्तर १: आयलेटवर भरवसा नको. कोपऱ्यात गोल गुळगुळीत खडा ठेवून ताडपत्री त्याच्याभोवती गुंडाळा आणि मागून दोर आवळा, सगळ्या कापडावर ताण वाटला जातो. पुढची चाचणी किनाऱ्याजवळ, लाइफ जॅकेट घालून.