काळ्या मातीवर थेट खडी नको
शेतघराचा रस्ता कसा करावा, या प्रश्नावर काहींनी काळ्या मातीवरच २० मिमी खडी पसरायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओली झाली की ट्रॅक्टरच्या चाकाखाली खडी आत रुतते आणि चिखल वर येतो.

आधी फूट-दीड फूट माती काढा, जिओटेक्स्टाइल (माती आणि मुरूम एकमेकांत मिसळू न देणारं जाड कृत्रिम कापड) अंथरा, मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून रोलर फिरवा. मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये, इतपतच ओल हवी. त्यावर ४० मिमी खडी, फटींत कच (खडीचा बारीक चुरा). नदीतले गोल गोटे तर नकोतच, ते एकमेकांत अडकत नाहीत. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मध्ये उंचवटा, दोन्ही बाजूंना चर. पैसे कमी पडले तर वरची खडी पुढच्या वर्षी टाका, पण चर पावसाळ्याआधीच खणा.