मदत हवी आहे: रेडिंग गावच्या दुकानदाराचं टोकन कसं वाचायचं?

मंडळी, जुन्या नाण्यांचा नाद असलेलं कुणी इथे आहे का?

इंग्लंडात राहतो. इथल्या जुन्या बाजारात मोडक्या नाण्यांच्या डब्यात पितळेची एक पातळ चकती सापडली. व्यास १६ मिलिमीटर. एका बाजूला साखरेचा निमुळता सुळका, म्हणजे मालक किराणावाला असणार. कडेच्या नावातलं 'थॉमस' लागतं, पुढे नुसता 'बी', बाकी सपाट. मागे कडेला 'इन रेडिंग' आणि मधोमध तीन अक्षरं: वर बी, खाली टी आणि एम. साल नाही, किंमतही नाही.

पार्श्वभूमी वाचली आहे. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, राजाच्या परवान्यावरची फार्दिंगं, म्हणजे पाव पेनीची नाणी, संपली, आणि पुढे वीसेक वर्षं सरकारनं तांब्याची चिल्लर पाडलीच नाही. पावाला सुटे आणायचे कुठून? मग वाणी, खानावळवाले सुट्ट्यांऐवजी आपापली टोकनं पाडू लागले. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं तांब्याची नाणी काढून हा कारभार बंद केला.

पण हा 'एम' कोण, भागीदार? आणि सालाशिवाय काळ कसा ठरवायचा? वर हिरवा थर चढलाय. आई म्हणते चिंच-मीठ लाव. हात धजावत नाही.

प्रतिसाद १

चिंच अजिबात नको, पितळ खाईल. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, लाकडी टूथपिकनं हलकेच माती काढा, बस्स.

'एम' ही थॉमसची बायको. वर आडनाव, खाली डावीकडे नवरा, उजवीकडे बायको, अशीच पद्धत होती. विधवांनी स्वतःच्या नावावर काढलेली टोकनंही आहेत. किंमत नाही आणि आकार एवढा, म्हणजे फार्दिंग. अर्ध्या पेनीवर बहुधा किंमत लिहीत, आणि ते जास्त करून १६६० च्या दशकाच्या उत्तरार्धातले. तुमच्यावर साल नाही, त्यामुळे १६४९ ते १६७२ याहून नेमकं सांगणं टोकनावरून तरी कठीण.

अशा टोकनांची विल्यमसनची जुनी यादी परगण्यानुसार आहे. बर्कशायरखाली रेडिंग काढा आणि सुळका व तीन अक्षरं जुळवा. आडनाव लागलं की सेंट मेरी, सेंट लॉरेन्स, सेंट जाइल्स या तिन्ही चर्चच्या लग्ननोंदी बघा. १६६२ पासूनच्या चूलकराच्या याद्याही आहेतच.

दिवा बाजूनं धरून फोटो टाका. झिजलेली अक्षरं तशी बरीच उमटतात.

धागाकर्ता

आईला कळवतो! फोटो रात्री टाकतो. आत्ताच दिव्याखाली धरलं, 'बी'पुढे 'यू' असावासा वाटतो.